बेळगाव-कोल्हापूर-सांगली पट्ट्याचा मुलामुलींच्या प्रमाणाचा नकाशा: सगळं हिरवं दिसतंय, पण मन मानत नाही

निपाणीकरीण

नमस्कार सगळ्यांना. मी निपाणीची, सध्या बेळगावात भूगोलात एम.ए. करतेय. डेझर्टेशनला विषय घेतलाय सीमाभागातलं स्त्री-पुरुष प्रमाण, म्हणजे जनगणनेचे आकडे घेऊन बेळगाव, कोल्हापूर, सांगली असा सलग पट्टा नकाशावर मांडायचा आणि दर दहा वर्षांनी काय बदलत गेलं ते बघायचं. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर युट्यूबवर बघून शिकलेय, हात अजून बसलेला नाही.

पहिला नकाशा झाला. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती हा आकडा घेतला. बेळगाव जिल्हा २००१ ला ९६० होता तो २०११ ला ९७३, कोल्हापूर ९४९ वरून ९५७, सांगली ९५७ वरून ९६६. तिन्ही वर गेलेत, त्यामुळं नकाशा दुसऱ्या वर्षाला छान हिरवा झाला आणि सरांना दाखवला तर ते म्हणाले चांगली बातमी आहे, असंच लिही.

पण मला ते लिहवत नाही. मी याच भागात वाढलेय, आमच्याच पै-पाहुण्यांत एखाद्या सुनेला दुसऱ्या वेळी दिवस गेले की "बॉर्डरपलीकडं जाऊन बघून या" असं बायका हळू आवाजात बोलायच्या ते मी लहानपणी ऐकलंय, आणि तेव्हा कळायचं नाही काय बघून यायचं ते, आता कळतं. त्या बायकांच्या बोलण्यातलं काहीच या हिरव्या नकाशात दिसत नाही, मग माझं काहीतरी चुकतंय का नकाशाच दुसरं काहीतरी दाखवतोय?

दुसरी अडचण म्हणजे मला तालुका पातळीवर जायचंय आणि माझी निपाणीच सापडंना, २०११ च्या यादीत निपाणी तालुकाच नाही. आणि जमलं तर मागं १९०१ पर्यंत जायचंय, ते शक्य आहे का? रंग कसे निवडायचे तेही सांगा. बरंच विचारलंय, पण विचारायला दुसरं कोण नाही.

नकाशावेडा

ताई, तुमचं मन मानत नाही ते बरोबर आहे. आकडे चुकलेले नाहीत, प्रश्न चुकीच्या आकड्याला विचारलाय. तुम्ही घेतलंय ते एकूण लिंग गुणोत्तर, त्यात नव्वद वर्षांची आजीपण आली आणि काल जन्मलेलं बाळपण आलं. बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, समाजात म्हाताऱ्या माणसांचा वाटा वाढत गेला की हा आकडा आपोआप वर सरकतो, खाली पाळण्यात मुली कमी होत असल्या तरी. शिवाय त्यात स्थलांतर मिसळलेलं असतं. रत्नागिरी बघा, २००१ ला दर हजार पुरुषांमागे ११३६ बायका. याचा अर्थ तिथं मुली जास्त जन्मतात असा नाही, घरातला गडी मुंबईला चाकरीला गेलाय एवढाच. उलट तुमच्या बेळगाव शहरात कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, तिथं नुसती तरणी पोरं ट्रेनिंगला, तो भाग पुरुषांकडं झुकलेला दिसणारच.

तुम्हाला पाहिजे ते ० ते ६ वयाचं प्रमाण, बाल लिंग गुणोत्तर म्हणतात ते. आता तेच तीन जिल्हे परत बघा. बेळगाव १९९१ ला ९५५, २००१ ला ९२१, २०११ ला ९३४. कोल्हापूर ९३१, मग ८३९, मग ८६३. सांगली ९२४, ८५१, ८६७. वाचल्यावर माझ्या तर पोटात गोळा येतो दरवेळी. निसर्गात साधारण १०५ मुलगे जन्मले की १०० मुली जन्मतात, म्हणजे हजाराला साडेनऊशेच्या आसपास मुली असायलाच पाहिजेत. १९९१ चं बेळगाव त्या जागी होतं. दहा वर्षांत ३४ नं खाली आलं, आणि कोल्हापूर तर ९२ नं. जिथं कोल्हापूरचा तुमचा नकाशा ९५७ दाखवून हिरवा होतोय तिथंच ० ते ६ च्या पोरांत हजार मुलग्यांमागं ८६३ च मुली आहेत. लहान मुलं लोकसंख्येत जेमतेम सातवा-आठवा हिस्सा, त्यामुळं त्यांच्यातली पडझड एकूण आकड्यात बुडून जाते.

रंगाबद्दल. सॉफ्टवेअर आपोआप वर्ग पाडून देतं ते घेऊ नका, कारण ते प्रत्येक साली वेगळे वर्ग पाडतं, मग १९९१ चा फिका रंग आणि २००१ चा फिका रंग यांचा अर्थच वेगळा होतो आणि बघणाऱ्याला ते कळत नाही. हातानं एकच पट्टी ठरवा, समजा ८५० च्या खाली, ८५० ते ८८०, ८८० ते ९१०, ९१० ते ९४०, ९४० च्या वर, आणि तीच तिन्ही सालांना लावा. पण त्यातही एक गोची आहे बघा, बेळगाव ९२१ आणि ९३४ दोन्ही एकाच खणात पडतात, म्हणजे नकाशात काहीच बदललं नाही असं दिसेल. म्हणून शेजारी फरकाचा नकाशा वेगळा करा, २००१ वजा १९९१ आणि २०११ वजा २००१, त्यात शून्य मधोमध. आणि हिरवा वापरूच नका असं माझं मत आहे, हिरवा म्हटलं की माणसाला सगळं ठीक वाटतं, ९३४ ला ठीक म्हणायचं धाडस मला होत नाही.

मास्तर_चिकोडी

निपाणीची पोरगी हाय म्हटल्यावर लिहायलाच पायजे. मी प्रायमरी शाळेत मास्तर, २०११ च्या खानेसुमारीला प्रगणक होतो, ९ ते २८ फेब्रुवारी घरोघर फिरलोय आणि मग १ ते ५ मार्च परत एक फेरी, २८ तारखेच्या रात्री बारापर्यंत कोण जन्मलं कोण वारलं ते दुरुस्त करायला. तेव्हा डेटा डेटा म्हणतेस तो कसा तयार होतो ते जरा ऐक बाळा, नकाशा करताना उपयोगी पडंल.

वय लिहायचं ते पूर्ण झालेलं. म्हणजे अकरा महिन्याचं पोर शून्य. आता घरात विचारलं की किती माणसं तर म्हातारी बोटं मोजून सांगते, त्यात पाळण्यातलं राहतंच, कारण अजून बारसं झालेलं नसतंय, नाव नाही म्हणजे माणूस धरत नाहीत. मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की तान्ही पोरं मुद्दाम विचारा, मी विचारायचो, "आणि पाळण्यात कोण हाय काय?" मग हसायच्या आणि सांगायच्या. पण काही घरात मला असं दिसलं की मुलगा असला की आपणहून सांगतात आणि मुलगी असली की विचारल्यावर. हे माझं बघणं, सगळीकडं असंच असंल असं म्हणत नाही. पण मोजणीत राहिलेली मुलगी आणि जन्मालाच न आलेली मुलगी, नकाशात दोघी सारख्याच दिसतात हे ध्यानात ठेव.

दुसरं, पहिलं बाळंतपण माहेरात. आपल्याकडं सोयरिकी बॉर्डर बघून होत नाहीत, कागलची पोरगी निपाणीला, निपाणीची गडहिंग्लजला, चिकोडीची इचलकरंजीला. खानेसुमारीच्या सगळ्या दिवसांत घरापासनं लांब असलेलं माणूस जिथं सापडंल तिथं मोजलं जातंय, त्यामुळं तान्ही पोरं आईबरोबर माहेरच्या गावात मोजली जातात. जिल्ह्याच्या आकड्यावर याचा फार फरक पडत नसंल पण गावाच्या आकड्यावर पडतो.

तिसरं, फेब्रुवारीत आमच्याकडं साखर कारखान्याचा सीझन चालू असतोय. बीडकडच्या टोळ्या फडात कोपी घालून राहिलेल्या, कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी, बरोबर बारकी पोरं. त्यांचीपण नोंद आम्ही इथंच केली. म्हणजे ऊसपट्ट्यातल्या गावाच्या आकड्यात बाहेरच्या जिल्ह्याची पोरं मिसळलेली हायत. बीड जिल्ह्याचं बाल प्रमाण २०११ ला ८०७ आलं होतं, सगळ्या महाराष्ट्रात तळाला. तेव्हा एखादं ऊसाचं गाव लाल दिसलं म्हणून लगेच त्या गावाला दोष देऊ नकोस.

निपाणीकरीण

मास्तर, नकाशावेडा दादा, दोघांचेही मनापासून आभार. ० ते ६ चे कॉलम घेऊन परत बसले. पण आता नवीनच घोळ, तालुक्यांची बेरीज केली तर जिल्ह्याची लोकसंख्या दुप्पट येतेय आणि शेपफाइलला, म्हणजे तालुक्यांच्या हद्दींच्या फाइलला, जोडताना निम्मे तालुके कोरेच राहतायत. आणि कोल्हापूरचा २०११ चा आकडा एका ठिकाणी ८४५ मिळाला, दुसऱ्या ठिकाणी ८६३. कुठला खरा?

आकडेमोड

हे सगळं माझ्यावरून गेलंय, पटापट सांगतो.

दुप्पट का येतंय: प्राथमिक जनगणना गोषवारा, ज्याला सगळे पीसीए म्हणतात, त्यात प्रत्येक तालुक्याच्या तीन ओळी असतात, एकूण, ग्रामीण, नागरी. तीनही बेरजेत घेतल्या की दुप्पट होणारच. फिल्टर लावून फक्त 'एकूण'वाल्या ओळी ठेवा.

कोरं का राहतंय: दोन कारणं. एक म्हणजे कोडपुढची शून्यं. एक्सेलमध्ये फाइल उघडली की ०५५५५ सारख्या कोडचं पुढचं शून्य एक्सेल खाऊन टाकतं आणि मग शेपफाइलमधल्या कोडशी ते जुळत नाही, कॉलम टेक्स्ट म्हणून इम्पोर्ट करा. दुसरं, २००१ आणि २०११ चे कोड वेगवेगळे आहेत. २००१ ला राज्यात बेळगाव जिल्हा ०१ होता, २०११ ला देशभर सलग नंबर दिले तेव्हा बेळगाव ५५५ झाला, कोल्हापूर ५३०, सांगली ५३१. म्हणजे दोन सालांचं जुळवणीचं टेबल तुम्हाला हातानं करावं लागेल. नावावरून जोडायला जाऊ नका. संपगाव आणि बैलहोंगल एकच तालुका, परसगड आणि सौंदत्ती एकच, चिकोडीचं स्पेलिंग दोन तऱ्हेनं, २०१४ च्या नोव्हेंबरनंतरच्या फायलीत बेळगावचं बेळगावी झालेलं. गावांच्या पातळीला तर नावावर विसंबणं म्हणजे आगीशी खेळ, होसूर नावाची गावं एकट्या या जिल्ह्यात एकाहून जास्त आहेत.

८४५ की ८६३: ८४५ हा मार्च-एप्रिल २०११ मधला तात्पुरता आकडा, ८६३ अंतिम. महाराष्ट्राचाही तसाच, तात्पुरता ८८३ आणि अंतिम ८९४. कर्नाटक ९४३ आणि ९४८. पेपरात बातम्या आल्या त्या सगळ्या तात्पुरत्या आकड्यांवर, त्यामुळं नेटवर तेच जास्त सापडतात. काही लोक २००१ चे अंतिम आणि २०११ चे तात्पुरते घेऊन तुलना करतात, कोल्हापूरची वाढ २४ ऐवजी ६ दिसते मग. एवढ्या मोठ्या फरकावर कुणी निष्कर्ष काढला तर सगळं प्रकरण चुकतं. सगळीकडं अंतिमच घ्या.

अजून एक, तालुक्यांच्या गुणोत्तरांची सरासरी काढून जिल्ह्याचं गुणोत्तर काढू नका प्लीज. मुली मिळवा, मुलगे मिळवा, मग भागा. मी एका नावाजलेल्या रिपोर्टात ही चूक बघितलीय.

चंदगडी

मागं जायचं म्हणताय तर आमचं चंदगड विसरू नका! १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला पण चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात ठेवला आणि तो कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. म्हणजे १९५१ चा 'बेळगाव जिल्हा' म्हणून जो आकडा जुन्या खंडात छापलाय त्यात आमची माणसं आहेत आणि १९६१ च्या बेळगावात नाहीत. तुम्ही सरळ रेघ ओढली तर चंदगड गायब झाल्याचा बदल तुम्हाला लोकसंख्येतला बदल वाटेल.

त्याच्याही मागं गेलात तर अजून गुंता. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, रामदुर्ग स्वतःच संस्थान, बेळगावाला चिकटून असलेलं शहापूर सांगली संस्थानाचं. १९४८-४९ मध्ये संस्थानं विलीन झाली तेव्हा हे तुकडे आत आले. सांगली जिल्हा तर १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून जन्मला, १९६० ला सांगली नाव मिळालं. १९०१ च्या खंडात सांगली जिल्हा शोधत बसू नका, मिळणार नाही.

यावर सोपा उपाय आहे. जनगणनेचा ए-२ तक्ता, १९०१ पासूनचा दशवार बदल. त्यात जिल्हावार पुरुष-स्त्रिया वेगळे दिलेत आणि ते आत्ताच्या हद्दीला जुळवून घेतलेले असतात. जनगणनेच्या डिजिटल लायब्ररीत मिळतो. मात्र त्यात वय नाही, फक्त एकूण. म्हणजे १९०१ पासून एकूण गुणोत्तराचा आलेख होईल, बाल गुणोत्तराचा नाही.

आणि त्या जुन्या घसरणीचं कारण वेगळं हेही लिहा. देशाचं एकूण गुणोत्तर १९०१ ला ९७२ होतं, १९२१ ला ९५५, ते सोनोग्राफीनं नाही घसरलं. प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा, बाळंतपणातले मृत्यू, घरात बाईनं सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवणं. माझ्या आजीच्या सासूच्या पाच लेकींतली एक जगली असं आजी सांगायची. त्या मुली जन्मल्या होत्या, मेल्या नंतर. नव्वदच्या दशकातल्या मुली जन्मल्याच नाहीत. नकाशात दोन्हींना एकच रंग देऊ नका, मजकुरात तरी वेगळं करा.

सीमावासी

मला तर आकडे बघून सरळ दिसतंय की हा राज्याचा फरक आहे. एकाच मातीतली माणसं, एकच भाषा, एकच जेजुरी-जोतिबा, तरी बेळगाव ९३४ आणि कोल्हापूर ८६३. कर्नाटकात २००६ ला भाग्यलक्ष्मी योजना आली, गरीब घरातल्या मुलीच्या नावावर पैसे ठेवले, त्याचा परिणाम. प्रोजेक्टला हा मुद्दा घ्या, नकाशात बॉर्डरची रेघच ठळक होईल.

आकडेमोड

एवढं सरळ नाही हो ते. भाग्यलक्ष्मी २००६ ची, दोन जिल्ह्यांत दरी पडली त्याच्या आधी. १९९१ ला बेळगाव-कोल्हापूर फरक २४ चा होता, २००१ ला ८२, २०११ ला ७१. म्हणजे जे व्हायचं ते १९९१ ते २००१ मध्ये झालं. आणि त्या काळात कायदा कुणाकडं आधी होता? महाराष्ट्राकडं. महाराष्ट्रानं गर्भलिंग तपासणीवर १९८८ लाच स्वतःचा कायदा केला, देशात पहिला, केंद्राचा कायदा १९९४ चा आणि तो लागू झाला १९९६ ला, मग २००३ ला दुरुस्ती होऊन कडक झाला. कायदा आधी असलेल्या राज्यात पडझड जास्त. कायदा वाईट असं मी म्हणत नाही, पण कागदावरचा कायदा आणि गल्लीतलं मशीन यात मशीन पुढं होतं. कोल्हापूर-सांगलीत ऊसाचा पैसा होता, दवाखाने होते, मिरज तर दवाखान्यांचंच गाव, सोनोग्राफी लवकर पोचली. बेळगावातही पोचलीच, नाहीतर ९५५ चं ९२१ झालं नसतं.

आणि आपण 'दशकाचा बदल' म्हणतो तो खरं तर दशकाचा नसतोच. २००१ ची ० ते ६ ची पोरं म्हणजे मार्च १९९४ ते फेब्रुवारी २००१ मध्ये जन्मलेली. २०११ ची म्हणजे मार्च २००४ ते फेब्रुवारी २०११. मधली तीन वर्षं, २००१ ते २००४, कुठल्याच नकाशात नाहीत, ती पोरं २०११ ला सात ते नऊ वर्षांची होती. त्यामुळं २०११ चा आकडा थोडा सुधारला तो २००३ च्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्या पोरांचा आहे हे तारखांवरून जुळतं, पण ते त्याच्यामुळंच झालं हे नकाशा सिद्ध करत नाही. कोल्हापुरात तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी मशीनना सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र, बसवायला लावले, त्याचंही नाव घेतलं जातं, पण ते दशकाच्या शेवटी, त्याचा वाटा ० ते ६ मधल्या शेवटच्या एक-दोन वर्षांतच असू शकतो.

सीमावासी

हे तारखांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मान्य. मुद्दा मागं घेतो, निदान तसा ठोकून नाही म्हणणार.

खानापूरची_ताई

मी आरोग्य खात्याबरोबर गावात काम केलेली बाई आहे, म्हणून मला वेगळं सांगावंसं वाटतंय. बॉर्डरची रेघ ठळक करू नकोस गं. पेशंटला रेघ नसते. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. म्हैसाळहून कर्नाटकातलं कागवाड किती लांब? हाकेच्या अंतरावर. तिकडं धाड पडली की लोक इकडं येतात, इकडं कडक झालं की तिकडं जातात. बाई राहते एका राज्यात, तपासणी दुसऱ्या राज्यात, आणि जनगणनेत पोर मोजलं जातं ती राहते तिथं. म्हणून तुझा नकाशा मागणी कुठं आहे ते दाखवतो, दुकान कुठं आहे ते नाही. हे वाक्य प्रोजेक्टमध्ये घाल, फार लोक यात गल्लत करतात.

जन्मनोंदणीचे आकडे वापरायचा मोह होईल, दरवर्षी मिळतात म्हणून. ते जन्म जिथं झाला तिथं नोंदले जातात. आमच्या खानापूरची बाई बेळगावच्या दवाखान्यात बाळंत झाली की नोंद बेळगावात. खानापूर तालुक्याचं प्रमाण त्यावरून काढलं तर ते फक्त खानापुरात बाळंत होणाऱ्यांचं असेल. वापरच नको असं नाही, पण जनगणनेशेजारी एकाच रंगात ठेवू नको.

आणि एक विनंती. गावागावाचा नकाशा करून गावांची नावं छापू नकोस. एक तर ते न्यायाचं नाही, लहान गावात शंभर-सव्वाशे पोरं, चार घरांत मुलगे झाले की प्रमाण कुठल्या कुठं जातं. आणि दुसरं, मी असं बघितलंय की एखाद्या गावाचं नाव 'मुली मारणारं गाव' म्हणून पेपरात आलं की त्याचा राग निघतो तो गावातल्या सुनांवरच. ज्या बाईनं कधी स्वतःहून दवाखान्याची पायरी चढली नाही तिलाच सगळे विचारतात. नकाशाच्या लाल ठिपक्यात ती राहते हे ध्यानात असू दे.

नकाशावेडा

ताईंच्या बोलण्याला आकड्याचा आधार देतो. गावात १२० पोरं असतील आणि खरं प्रमाण ९३५ असेल तरी निव्वळ योगायोगानं तिथं ६५० पासून १३०० च्या पुढंपर्यंत काहीही येऊ शकतं. चाळीस हजार पोरांच्या तालुक्यात हा हेलकावा साधारण १९ इकडंतिकडं, आणि पाच लाख पोरांचा जिल्हा धरला तर पाचच्या आसपास. म्हणून जिल्ह्याचं ९२१ वरून ९३४ होणं हा खरा बदल आहे, तालुक्याचं १० नं हलणं हे काहीही असू शकतं, आणि गावाचा आकडा एकट्यानं वाचायचाच नाही. गावं फक्त बेरीज करायला वापरा.

आणि तिथंच तुमच्या निपाणीचं उत्तर आहे. २०११ ला बेळगाव जिल्ह्यात दहाच तालुके होते. निपाणी नंतर चिकोडीतून निघाला, कागवाड अथणीतून, मूडलगी मुख्यतः गोकाकातून, कित्तूर बैलहोंगलातून, यरगट्टी सौंदत्तीतून. दोन रस्ते आहेत. एक तर जुनेच दहा तालुके धरून १९९१ ते २०११ करा, सगळ्यात सरळ. नाहीतर आजच्या निपाणी तालुक्यातल्या गावांची यादी घ्या, त्या गावांचे १९९१, २००१, २०११ चे मुलगे-मुली पीसीएमधून काढा, निपाणी शहर त्यात मिळवा आणि स्वतः निपाणी तालुका मागच्या काळात तयार करा. गावांचे तिन्ही सालांचे कोड जुळवून ठेवलेला श्रग नावाचा डेटासेट फुकट मिळतो, त्यानं तुमचं महिन्याचं काम वाचेल. आणि हे आत्ता करून ठेवलंत तर पुढच्या जनगणनेला, १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिवस आहे, नवे तालुके येतील तेव्हा तुमच्याकडं तुलनेला मागचे आकडे तयार असतील. २०२१ ची झालीच नाही, म्हणजे मध्ये सोळा वर्षांचं अंतर पडणार, तुमच्या नकाशाच्या मथळ्यात ते सोळा स्पष्ट लिहा, दहा समजून कुणी वाचू नये.

निपाणीकरीण

तुम्हा सगळ्यांचं लिहिलेलं दोनदा वाचलं, ताईंचं तीनदा. सरांना आज ० ते ६ चा नकाशा दाखवला, एकच पट्टी लावून, हिरवा काढून टाकून. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले आधीचा नकाशापण ठेव, दोन्ही शेजारी शेजारी लाव, एकाच जिल्ह्याचे एकाच सालचे दोन रंग लोकांना दिसू देत. मला ते पटलं. गावांची नावं कुठंच छापणार नाही, बॉर्डर बारीक तुटक रेघेत. १९०१ पासूनचा आलेख ए-२ वरून वेगळा करतेय, चंदगडची टीप घालून.

आता श्रग उघडून निपाणी बांधायला घेतलीय. अकोळ, बेनाडी, सौंदलगा, कोगनोळी, जत्राट, भोज, कारदगा, मांगूर एवढी डोळे झाकून घेतली. पण चिकोडीच्या कडेची काही गावं नक्की कुठल्या बाजूला गेली त्यात अडकलेय.

मास्तर_चिकोडी

सदलगा चिकोडीतच राहिलंय, ते घेऊ नकोस. बाकीची यादी हितं टाक नाहीतर मला मेसेज कर, उद्या दुसरा शनिवार हाय, सुट्टी. तहसीलच्या यादीशी लावून एकेक गाव टिक मारून देतो. आणि बोरगाव घेतलंस का बघ, ते तुझ्या यादीत दिसंना.